घर कोणी आखायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



तज्ज्ञ आणि जनता यांच्या नात्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी मांडला जातो. नगररचनाकार, वास्तुशिल्पी व अभियंते यांना सर्व कळते, लोकांनी फक्त तयार घराची किल्ली घ्यावी, हे एक टोक. लोकांना सारे उपजतच ठाऊक असते, तज्ज्ञाची गरजच नाही, हे दुसरे. मराठवाड्याने या दोन्ही समजुतींची जबर किंमत मोजली आहे. म्हणून आज नुसत्या तत्त्वचर्चेऐवजी किल्लारीचा अनुभव आपल्यापुढे ठेवावा, असे मला वाटते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपेत असताना, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. भिंती दोन-दोन फूट, कोठे त्याहूनही जाड. पण त्या आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर मातीत रचून उभ्या केलेल्या. पदरांना एकत्र बांधणारा आरपार जोडदगड बहुधा नसे. वर माळवद. ते उन्हाळ्यात गारवा देई. परंतु गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्याने त्याचे ओझे अफाट झाले होते. हादऱ्यासरशी भिंतींचे पदर सुटले आणि माती खाली आली. लोकज्ञानाचा गौरव करताना हे विसरून चालणार नाही.

मात्र हा दोष गवंड्याच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. जोडदगडाचे महत्त्व स्थापत्यशास्त्राला नवे नव्हते. त्याच 1993 सालच्या भारतीय मानकांत मातीच्या व कच्च्या दगडी बांधकामाच्या घरांसाठी मार्गदर्शन आहे. ज्ञान होते, ते किल्लारीच्या गवंड्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

पुढे पुनर्वसनात चूक दुसऱ्या टोकाला झाली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. जेथे आप्त गाडले गेले तेथे पुन्हा राहण्याची अनेकांची तयारी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्थलांतर केवळ लादलेले नव्हते. पण आखणी मात्र बहुतांशी वरून आली. सरळ रेषेत कापलेले रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा, शहरातील वसाहतीचा नकाशा. शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, कडब्याला व अवजारांना जागा लागते, बायकांना निवांत बसता येईल असे अंगण लागते. याचा विचार अनेक ठिकाणी झाला नाही. कुटुंब वाढले तशी लोकांनी पत्र्याची, काही ठिकाणी तर पुन्हा दगड-मातीची वाढीव बांधकामे केली. ज्या धोक्यापासून सुटका करायची, तोच अशा रीतीने मागील दाराने परत आला.

आणखी एक गोष्ट आपण समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. या गावांतील घराचा आकार ठरला तो सातबाऱ्यावरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास 400, आणि त्याहून मोठ्या जमीनदारास 750. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात काय? सरकारी पैशाने नवे गाव उभारताना जुनी विषमता अशी चौरस फुटांत मोजून पुन्हा बांधली गेली. आराखडा हा निव्वळ तांत्रिक कागद नसतो, त्यात सत्तेचे वाटप असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

परंतु त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही आहे. कमी हानी झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरे हलवायची नव्हती. अनुदान घेऊन ती मालकांनीच दुरुस्त व मजबूत करायची होती. भिंतीत आरपार काँक्रीटचे जोड घालणे, माळवदावरील माती कमी करणे, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार देणे, ही कामे गावातला गवंडी शिकू शकतो. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. अनुदानाचे नियम समजून घेणे, शेजारणींना ते समजावणे, बांधकामावर देखरेख ठेवणे ही कामे त्यांनी केली. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांच्यापैकी काहीजणी गुजरातेत जाऊन तेथील स्त्रियांशी बोलल्या. तेथे बहुसंख्य कुटुंबांनी आपली घरे स्वतःच उभारली. अभियंत्याने तपासणी करावी आणि मग अनुदानाचा पुढील हप्ता मिळावा, अशी ती व्यवस्था होती. येथे तज्ज्ञ नाहीसा झाला नाही. त्याची जागा बदलली. घर कसे हवे हे कुटुंबाने सांगायचे आणि ते पडणार नाही याची हमी त्याने द्यायची.

हा प्रश्न केवळ भूकंपापुरता नाही. 2016 पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट आहे. घर लाभार्थ्यानेच बांधायचे, हे तत्त्व योग्यच. पण त्याच्या शेजारी उभे राहून पाया, वारा, उजेड आणि पुढील वाढीव खोली यांचा विचार कोण करणार? धनिकाला वास्तुशिल्पी पैशाने मिळतो; गरिबाला तो हक्काने मिळाला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात काही मागण्या लावून धराव्यात. घरकुलांसाठी तांत्रिक सल्लागार सार्वजनिक खर्चाने उपलब्ध असावा आणि तो ग्रामसभेस जबाबदार असावा. कोणत्याही वसाहतीचा नकाशा मंजुरीपूर्वी मराठीत समजावून सांगावा आणि प्रत्यक्ष जमिनीवर फक्कीने आखून दाखवावा. त्यावर स्त्रियांचे मत स्वतंत्रपणे घ्यावे. घराचे क्षेत्र कुटुंबातील माणसांवरून ठरावे, मालमत्तेवरून नव्हे. आणि गवंड्यांचे प्रशिक्षण आपत्तीची वाट न पाहता सुरू व्हावे.

आपल्या सभांना येणाऱ्या तरुण अभियंत्यांना व वास्तुशिल्पींनाही माझे सांगणे आहे. आपले शिक्षण समाजाच्या पैशावर झाले आहे. कागद-पेन्सिल घेऊन गावात जा, पण पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या घरातील बाईला विचारा, चूल कोठे हवी आणि पाणी कोठून येते. तिचे उत्तर आणि तुमचे गणित एकत्र येईल, तेव्हाच ते घर टिकेल आणि त्यात राहावेसेही वाटेल.