गिरणीतले दिवे, खिशातला फोन



कामाचा ताण आणि तो रोखणारे तंत्रज्ञान या विषयावरची परिषद परळमध्ये भरते आहे, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. हे गिरणगाव आहे. गिरणीच्या भोंग्यावर इथली चूल पेटायची आणि मुले शाळेला निघायची. त्या गिरण्यांच्या जागी आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि मध्यरात्रीही त्यांच्या खिडक्यांत उजेड असतो.

उजेडाचा आणि कामाच्या तासांचा संबंध या भागाला नवा नाही. सुरुवातीच्या काळात गिरण्या सूर्यावर चालत. उजाडले की सुरू, अंधारले की बंद. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, पण रोजच्या कामाची लांबी दिवसाच्या लांबीइतकीच राहिली. मग १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काही ठिकाणी काम पंधरा पंधरा तासांवर गेले. दोष दिव्यांचा नव्हता. प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास राबावे याला कायद्याची मर्यादाच नव्हती. ती १९११च्या कारखाना कायद्याने घातली: कापड गिरण्यांत बारा तास. यंत्र आधी आले, नियम मागाहून, आणि मधली वर्षे माणसांनी अंगावर काढली.

फोनच्या बाबतीत आपण आज त्याच मधल्या वर्षांत आहोत. घरी जेवताना साहेबांचा मेसेज येतो, रविवारी ग्रुपवर एक्सेल शीट पडते, सुटीच्या दिवशी ‘फक्त पाच मिनिटांचा’ कॉल होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी उद्भवणारी अवस्था म्हणून केली. पार गळून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. कारण कामात असेल तर इलाजही कामातच शोधावा लागतो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्याने २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली, असा अंदाज याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसोबत मांडला आहे.

म्हणून स्वागत समितीचे या परिषदेपुढे एकच म्हणणे आहे. तंत्रज्ञानाने पाळत ठेवायची तर कामावर ठेवावी, माणसावर नाही.

माणसावर पाळत ठेवली की काय होते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. अ‍ॅमेझॉनच्या तिथल्या गोदामांत हातातला स्कॅनर किती मिनिटे थांबला, दोन वस्तू किती घाईने स्कॅन झाल्या, याची कामगारवार नोंद होत असे. ही पाळत अतिरेकी ठरवून तिथल्या माहिती संरक्षण संस्थेने कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. आणि माणसावरच ओझे टाकणाऱ्या साधनाचे घरचे उदाहरण हवे तर २०२१ मधले आंदोलन आठवावे. महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, मेमरी अपुरी, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. बाळाचे वजन घेणे त्यांना जड नव्हते, ते त्या अ‍ॅपमध्ये भरणे जड होते. काम हलके करायला आलेल्या साधनानेच काम वाढवले, आणि ते या बायकांनी रस्त्यावर उतरून सांगितले. असे सांगण्याला फार मोठे धैर्य लागते.

कामाला लगाम घालणारी साधनेही आहेत. जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार केला. पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर ईमेल पाठवणे सर्व्हरच थांबवू लागला. दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होई. ‘उत्तर देऊ नका’ असा सल्ला देण्यापेक्षा हे कितीतरी खरे, कारण नाही म्हणायची जबाबदारी कनिष्ठ माणसावर राहत नाही. अमेरिकेत डॉक्टरांचा निम्मा जीव संगणकावर केसपेपर भरण्यात जातो. तिथे रुग्णाशी चाललेले बोलणे ऐकून टिपण तयार करणारी प्रणाली वापरल्यावर, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बर्नआउट जाणवणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण महिन्याभरात सुमारे ५२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. अभ्यास अडीचशेच्या आसपास जणांचा आहे, त्यामुळे घाईने निष्कर्ष नकोत. पण दिशा बरोबर आहे: कारकुनी यंत्राकडे, रुग्ण डॉक्टरकडे.

याउलट कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये ध्यानाचे अ‍ॅप टाकून मोकळे होणाऱ्या कंपन्यांनी ब्रिटनमधला २०२४चा अभ्यास जरूर वाचावा. २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीत, अशा अ‍ॅपचा आणि मन खंबीर करण्याच्या प्रशिक्षणांचा लाभ घेणारे इतरांपेक्षा सुखी आढळले नाहीत.

या शहराचा अभिमान वाटावा असे उदाहरण मात्र देवनारचे. मुंबईच्या पोलिसांना बारा बारा तासांची ड्युटी अंगवळणी पडली होती. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचा आराखडा मांडला, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला आणि मे २०१६ मध्ये तिथेच प्रयोग सुरू झाला. त्याला महागडी यंत्रणा लागली नाही. लागला तो एक विचारपूर्वक आखलेला ड्युटी तक्ता, आणि शिपायाचे म्हणणे ऐकून घेणारा आयुक्त.

हे सारे आज बोलण्याची निकड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. बारा हा आकडा १९११ सालचा आहे. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. फ्रान्समध्ये त्या हक्काची तरतूद २०१७ पासून लागू आहे.

पुढच्या सत्रांत सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते वापरावे लागणारे एकाच टेबलाभोवती बसणार आहेत. अंगणवाडी सेविका, निवासी डॉक्टर, पोलीस आणि आयटीतली तरुण मंडळी यांना आधी बोलू द्यावे, ही समितीची विनंती. ताण असह्य झालेल्या सहकाऱ्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सभागृहाबाहेर मोठ्या अक्षरांत लावला आहे. तिथे चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. सर्वांचे परळमध्ये मनःपूर्वक स्वागत.