खेळाडूचें साहित्य आणि शिक्षकाची जीभ



'सॉफ्ट' म्हणजे मऊ, हें इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकांतलें ज्ञान. परंतु सॉफ्टबॉलचा चेंडू ज्याच्या नडगीवर एकदां बसला आहे, तो त्याला मऊ म्हणावयास धजणार नाहीं. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. १२ इंच परिघाचा हा 'मऊ' चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा. मोठ्या मुलींच्या सामन्यांत पिचर तो ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारें १३ मीटरांवरून, फेंकते. ताशीं ९६ किलोमीटर वेगानें निघालेला चेंडू हें अंतर अर्ध्या सेकंदांत तोडतो. तेवढ्या अवधींत कोणालाहि शहाणपण सुचत नाहीं. डोक्यावरचें हेल्मेट धड असेल, तर तेंच काय तें उपयोगी पडतें.

आरंभीं हा चेंडू खरोखरच मऊ होता. १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं, फॅरागट बोट क्लबांत जमलेल्या तरुणांना जॉर्ज हॅन्कॉक यांनीं हा खेळ सुचविला. मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीनें आवळून बांधला, तोच चेंडू. आणि झाडूचा दांडा हीच बॅट. घरांत खेळण्याचा तो खेळ होता. सॉफ्टबॉल हें नांव त्याला १९२६ सालीं मिळालें. पुढें तो मैदानावर आला, चेंडू कठीण झाला, आणि १९९६ सालीं तो स्त्रियांचा खेळ म्हणून ऑलिंपिकपर्यंत पोंचला. आपल्या देशांत १९६१ सालीं त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज आपल्या शालेय स्पर्धांतूनहि तो खेळला जातो. एका हातमोजाच्या पोटीं जन्मलेल्या या खेळांत साहित्य जुनें किंवा उसनें असणें, ही लाजेची गोष्ट खास नव्हे.

आणि तरीहि मीं एका मुलीला तिच्या साहित्यापायीं लाज वाटावयास लावली.

एका तालुक्याच्या गांवीं मी तेव्हां खेळांचा शिक्षक होतों. संघ निवडण्याचा दिवस होता. सातवींतली एक मुलगी आपल्या भावाचा जुना ग्लव्ह घेऊन आली होती. कातडें काळवंडलेलें; अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील जाळी सुतळीनें बांधलेली. मीं तो ग्लव्ह उचलला आणि सर्वांदेखत विचारलें, "हें पायपुसणें कोणाचें?" मुली हंसल्या. मीहि हंसलों. तीहि हंसली, हें मला पुढें पुष्कळ दिवस खुपत राहिलें. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर दिसेनाशी झाली.

वास्तविक त्या ग्लव्हाचा अपराध काय होता? जुना ग्लव्ह हा बहुधा नव्याहून चांगला असतो. नवें कातडें ताठर असतें. तें लहान हातानें मिटत नाहीं, आणि चेंडू आंत येऊन परत बाहेर उडतो. कित्येक आठवडे झेल घेऊन घेऊन त्याला वळण लावावें लागतें. वळण लागलेला जुना ग्लव्ह म्हणजे आयतें भांडवल होय. त्याच्या वाद्या तुटल्या असल्या तर बसस्थानकाजवळचा मोची पाव तासांत नव्या ओंवून देतो. तळहाताचें कातडें पातळ होऊन चेंडूचा मार हाडाला लागूं लागला, म्हणजे मात्र त्याला निरोप द्यावा.

हेल्मेटाची जात अगदीं वेगळी. त्याला म्हातारपण मानवत नाहीं. कवचाला बारीकशी चीर गेली, आंतला फेस सुटला किंवा दगडासारखा कडक झाला, कीं तें वरून कितीहि चकचकीत दिसो, डोक्याच्या कामाचें राहिलें नाहीं. त्याला डिंक लावून किंवा पट्टी चिकटवून भागत नाहीं. मुलें हौसेनें त्यावर रंग देतात, चित्रें चिकटवितात. रंगांतील व डिंकांतील द्रव्यें कित्येकदां कवचालाच खातात, आणि चीर असली तर ती चित्राखालीं झांकून जाते. बॅटीचेंहि असेंच. धातूची बॅट चेपली असेल, आंत कांहीं खुळखुळत असेल, मुठीवरचें वेष्टण सुटून ती हातांतून निसटत असेल, तर ती बाजूला ठेवावी. नाहीं तर ती उडून दुसऱ्याच मुलाच्या तोंडावर जावयाची. या बाबतींत मुलांशीं वाटाघाट करूं नये. "हें आज बाद," एवढेंच म्हणावें, आणि सर्वांचीं हेल्मेटें एकाच वेळीं, एकाच ओळींत मांडून तपासावींत, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखविल्यासारखें होत नाहीं.

झिजलेली वस्तु निदान डोळ्यांना दिसते. न साजणारी वस्तु दिसत नाहीं, कारण ती पुष्कळदां नवीकोरी असते. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावे, ही आपल्या घरांतील जुनी रीति; काटकसर म्हणून मला ती प्रियहि आहे. परंतु वाढत्या अंगाचें हेल्मेट म्हणून कांहीं नसतें. मान हलविली आणि हेल्मेट मागाहून हललें, तर तें त्या मुलाचें नव्हे. बॅटीची लांबी नियमानें जास्तींत जास्त ३४ इंच असूं शकते; म्हणून अकरा वर्षांच्या मुलानें ३४ इंचीच घ्यावी असें नाहीं. एका हातानें ती बॅट खांद्याच्या रेषेंत समोर धरावयास सांगा. मनांत वीस अंक मोजून होण्यापूर्वीं हात थरथरूं लागला, तर ती जड आहे. ही कांहीं शास्त्रीय कसोटी नव्हे, परंतु मैदानावर ती पुरते. जड बॅटीचा मुलगा प्रत्येक चेंडूला उशिरा पोंचतो, आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतों.

येथेंच खरी अडचण उभी राहते. अशी बॅट बहुधा वडिलांनीं शहरांतून आणलेली असते. पगारांतून पैसे बाजूला टाकून आणलेली, घरांत सर्वांना दाखविलेली. "ही तुला चालणार नाहीं," असें आपण मुलाला म्हटलें, तर घरीं गेल्यावर तें वडिलांविरुद्ध तक्रार होऊन बसतें. गरीब मुलाशीं फाटक्या ग्लव्हाविषयीं बोलण्यापेक्षां हें बोलणें मला अधिक कठीण वाटत आलें आहे. मी इतकेंच करतों: शाळेची एक हलकी बॅट त्याच्या हातीं देऊन दहा चेंडू मारावयास सांगतों, मग त्याचीच बॅट देऊन आणखी दहा. नंतर विचारतों, "तुला काय वाटलें?" उत्तर त्याच्या तोंडून येतें, आणि तें घरीं सांगण्याची रीत त्याला माझ्याहून चांगली ठाऊक असते. "ही बॅट दोन वर्षांनीं माझी," असें एका मुलानें सांगितलें होतें. वडिलांचा मान राहिला, आणि बॅटहि राहिली.

आणखी एक पथ्य मी पाळतों. शाळेच्या पेटींत बदली वस्तु आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून मुलाच्या वस्तूला नांव ठेवीत नाहीं. ज्याला आपण दुसरें कांहीं देऊं शकत नाहीं, त्याला "हें टाकून दे" असें सांगणें म्हणजे "उद्यांपासून येऊं नकोस" असेंच सांगणें होय. मूल तें बरोबर ओळखतें.

त्या मुलीनें तें ओळखलें होतें. पांचव्या दिवशीं मी तिच्या वर्गाबाहेर उभा राहिलों आणि म्हटलें, "बाळ, तुझा ग्लव्ह मोच्याकडे नेऊं या. कोठें काय करावयाचें तें तूंच सांग." ती बराच वेळ बोलली नाहीं. बसस्थानकाच्या वाटेवर मीं विचारलें, "हातांत घातला म्हणजे कोठें टोंचतो का?"

"टोंचत नाहीं, सर," ती म्हणाली. "अंगठाच बसत नाहीं."

मीं तिला तो घालून दाखवावयास सांगितलें. तिनें तो उजव्या हातांत घातला. ती डावखुरी होती. चेंडू डाव्या हातानें फेंकी. ग्लव्ह मात्र उजव्या हातानें फेंकणाऱ्या भावाचा, म्हणजे डाव्या हातांत घालावयाचा. अंगठ्याच्या घरांत करंगळी कोंबून ती महिनाभर झेल घेत होती, आणि निवडीच्या दिवशीं तिनें सोडलेल्या तीन झेलांची नोंद माझ्या वहींत होती. मला सुतळी दिसली. अंगठा दिसला नाहीं.

"अगोदर सांगितलें कां नाहींस?" असें मीं विचारणार होतों. तोंडाशीं आलेला तो प्रश्न मीं गिळला.

मोच्यानें वाद्या ओंवून दिल्या. तो ग्लव्ह पुढें तिच्या धाकट्या बहिणीनें वापरला. शाळेच्या पेटींत डावखुऱ्यांसाठीं एकहि ग्लव्ह नव्हता. तो मिळेपर्यंत सव्वा महिना गेला, आणि तेवढे दिवस ती फक्त फलंदाजी करीत राहिली. तेव्हांपासून साहित्याची वार्षिक मागणी लिहितांना पहिल्या ओळींत मी "डावखुऱ्यांचे ग्लव्हज, दोन" असें लिहितों. कचेरींतले कारकून दर वर्षीं विचारतात, "सर, यंदां डावखुरीं मुलें किती आहेत?" मी सांगतों, "अजून ठाऊक नाहीं."