जड पाण्यातली व्हॅलिस्नेरिया

माशांच्या काचेच्या टाकीत मागच्या बाजूला रिबिनीसारखी लांब हिरवी पाती डुलताना दिसतात, ती व्हॅलिस्नेरिया. संभाजीनगरात पहिलं रोप घ्यायचं तर हेच घ्यावं. आपल्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी जड. नाजूक वनस्पती त्यात झुरतात. ही मात्र पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. नळाचं, म्हणजे जायकवाडीचं पाणी दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. साठवून ठेवायची सवय आपल्याला आहेच!

मुळं वाळूत दाबा, पण पाती जिथून फुटतात तो पांढरट भाग वरच राहू द्या. पुरला की कुजतो. सुरुवातीला जुनी पाती विरघळतात, म्हणून घाबरून रोप उपटू नका. दिवा ८ तास पुरे. खिडकीतल्या उन्हानं शेवाळच माजेल. ‘लिक्विड कार्बन’ नावानं मिळणारं ग्लुटरअल्डिहाइड तिला सहसा सोसत नाही. मे महिन्यात पाणी ३० अंशांपुढे गेलं, तर पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा.

वाळूतून पसरणाऱ्या धुमाऱ्यांना पिल्लं येतात. मुळं धरली की कापून वेगळी करा. जास्तीची मित्रमंडळींना द्या, सलीम अली तलावात मात्र टाकू नका.