घरच्या घरीं रक्तशर्करेची तपासणी

मधुमेहाच्या रोग्याची साखर घरीं पाहण्याची चाल जुनी आहे. परीक्षानळींत बेनेडिक्टचें निळें द्रावण घ्यावयाचें, त्यांत लघवीचे आठ थेंब टाकून तें उकळावयाचें, आणि रंग हिरवा, पिवळा कीं विटकरी होतो तें पाहावयाचें, हा विधि पुष्कळ घरांतून वर्षानुवर्षें चालला. त्यांत मोठें वैगुण्य होतें. बहुतेकांच्या बाबतींत १०० मिलिलिटर रक्तांतील साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास चढेपर्यंत ती लघवींत उतरतच नाहीं. आणि ती धोक्याच्या पायरीखालीं घसरली तरी द्रावण आपलें निळेंच राहतें. घरचीं माणसें समाधान पावत, आणि रोग्यास मात्र दरदरून घाम फुटलेला असे.

घरीं रक्तच तपासण्याची वाट पाडणाऱ्यांत एक रोगीच अग्रभागीं होता. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकेंतील एंजिनिअर, वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. १९७० च्या सुमारास रक्तशर्करा मोजण्याचें यंत्र निघालें. परंतु तें डॉक्टरांना व रुग्णालयांनाच विकत मिळे. बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नांवावर त्यांनीं तें मागविलें, दिवसांतून अनेक वेळां रक्त तपासलें आणि त्यावरून इन्शुलिनची मात्रा व आहार बेतला. पुढें चाळिशी उलटल्यावर ते स्वतः वैद्यकी शिकून डॉक्टर झाले.

त्यांनीं आंकडा पाहिला तो कांहीं ठरविण्यासाठीं. आपल्याकडे तो पुष्कळदां दोष ठेवण्यासाठीं पाहिला जातो. सकाळीं उपाशीपोटीं १६८ आले कीं चौकशी सुरू होते: रात्रीं गोड कोणीं वाढलें? बिचारी सून उगाच आरोपी ठरते. वस्तुतः पहाटे शरीरांतील कांहीं स्राव वाढतात, यकृत आपण होऊन रक्तांत साखर सोडतें, आणि मधुमेह्याचें इन्शुलिन तिला पुरें पडत नाहीं. आजोबांनीं लाडवास हातही लावलेला नसेल.

यंत्राच्या अचूकपणाविषयींही भ्रम नसावा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें, साखर १०० वा अधिक असतां यंत्राचा आंकडा प्रयोगशाळेहून १५ टक्के कमीअधिक असला तरी चालतो. खरी साखर १४० असतां त्यानें ११९ दाखविले काय किंवा १६१ दाखविले काय, तें नादुरुस्त ठरत नाहीं. तेव्हां काल १३२ आणि आज १४१ म्हणून चिंता करीत बसूं नये. मधुमेह आहे कीं नाहीं, याचा निर्णयही या यंत्रावर करूं नये.

उपयुक्त रीत म्हणजे एकाच जेवणाच्या दोन्ही बाजू पाहणें: जेवणापूर्वीं एकदां, आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनीं एकदां. मग भाकरीनें साखर किती चढते आणि उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीनें किती, हें वहींत लिहिलेलें दिसेल. (उपवास कोणाचा घडला, हा प्रश्न मग निराळा.) हात साबणानें धुऊन कोरडे करावे, आंबा चिरलेल्या बोटावर रसाचा लेश राहिला तरी आंकडा खोटाच फुगतो. बोटाच्या कडेस टोंचावें, तेथें दुखतें कमी. पट्ट्यांच्या डबीचें झांकण तत्काळ लावावें, कारण पावसाळी हवा त्यांस बाधते.

खरें भय खालच्या आंकड्याचें. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यास हें विशेष लागू आहे. सकाळचा आंकडा चढा दिसला म्हणून घरच्यांनींच रात्रीची गोळी वाढविली, तर ऐन झोपेंत साखर कोसळण्याचा धोका असतो, आणि वृद्धांस कित्येकदां त्याची जाणीवही होत नाहीं. आंकडा ७० च्या खालीं आल्यास पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे, साखर पाण्यांत विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. तो वर आला नसेल तर पुन्हां तितकीच द्यावी. पेढा-बर्फी देऊं नये. तिच्यांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत उशिरा पोंचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही न घालतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें.

आणखी एक. यंत्र घरांत आलें कीं पाहुणेमंडळी कौतुकानें बोट पुढें करतात. एकाची सुई दुसऱ्यास कदापि टोंचूं नये. काविळीचे कांहीं प्रकार याच मार्गानें पसरलेले आहेत. वापरलेली सुई जाड झांकणाच्या डब्यांत टाकावी, कचऱ्यांत उघडी नव्हे. ती उचलणाऱ्याच्या हातांत मोजे असतातच असें नाहीं.