पाहुणा गळा



चैत्रात भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी येणाऱ्यांना आपण पाणी देतो; नाव विचारायचे मात्र राहून जाते. आज मला अशाच काही पाहुण्यांविषयी बोलावयाचे आहे. दुसऱ्याच्या गीतसंग्रहात एखादे गाणे गाऊन निघून जाणारे हे गायक.

‘सॉफ्ट रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्यांच्या मृदू गीतप्रकारात अ‍ॅलन पार्सन्स आणि एरिक वूल्फसन या जोडीने अनेक गायकांना असे बोलाविले. त्यांच्या १९८२ सालच्या ‘आय इन द स्काय’ या तबकडीचे शीर्षकगीत वूल्फसन स्वतः गायले. पण अखेरचे, आयुष्याकडे मागे वळून पाहणारे गीत त्यांनी कॉलिन ब्लन्स्टन यांच्या हवाली केले. गाणे आपले, पण त्याला साजेसा गळा दुसऱ्याचा, हे ओळखावयास मन मोठे लागते.

आपल्याकडे हे त्यापूर्वीच घडून गेले होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्यास एक, अशी ५६ गीते झाली. राम गायले स्वतः फडके. सीतेसाठी माणिक वर्मा आल्या. वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर अशी मंडळी आपापल्या गीतापुरती आली आणि गेली. रामायणातील प्रत्येकाचे दुःख निराळे. म्हणून कंठही निराळा.

पुढे १९६५ साली तबकड्या निघाल्या, त्यांत सर्व गीते एकट्या फडक्यांनी गायिली. त्यांची तपश्चर्या थोर आहे, यात शंका नाही. एका गळ्याने कथा एकसंध झाली आणि घरोघरी पोहोचली. पण त्यानंतर जन्मलेल्यांना सीता, कौसल्या, भरत सारे एकाच आवाजात ठाऊक आहेत. ज्या पाहुण्यांनी या पात्रांना प्रथम वाचा दिली, त्यांची नावे घरातून पुसली जात आहेत.

एवढेच मागणे आहे. ही गीते लावाल तेव्हा मुलांना सांगा की प्रथम हे आणखी कोणीतरी गायले होते. पाहुणा गेला तरी त्याचे नाव घरात राहावे, ही आपली रीत आहे.