कंपनी बंद झाली, जबाबदारी संपली का?

(पाचोरा येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



आपल्या जळगाव जिल्ह्याची केळी आखाती देशांत जाते. आपल्यातले काही जण तिकडे नोकरी करतात, काही इथे निर्यातीची कंपनी काढू पाहतात. धंदा नाही चालला तर कंपनी बंद करू, असे मी नेहमी ऐकतो. म्हणून आज एका खटल्याबद्दल सांगतो.

मोदी झेरॉक्स नावाच्या कंपनीने 1985 साली 20 वेळा परदेशी पैसे पाठवले. त्या पैशांचा माल भारतात आल्याची कस्टमची कागदपत्रे दिली नाहीत, असा आक्षेप होता. जानेवारी 2000 मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तरी 2001 मध्ये ईडीची नोटीस निघाली आणि 2004 मध्ये एका संचालकाला 1 लाख रुपये दंड झाला. हे गृहस्थ पेशाने वकील, रोजच्या कारभारात नव्हते. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दंड रद्द केला. नुसते संचालकपद पुरेसे नाही, त्या वेळी कारभार खरोखर कोणाच्या हाती होता ते पाहावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. न्याय मिळाला, पण व्यवहाराला तोवर 35 वर्षे झाली होती.

ते प्रकरण जुन्या ‘फेरा’ कायद्याचे. 1 जून 2000 पासून ‘फेमा’ लागू आहे. त्याच्या कलम 42 नुसार कंपनीसोबत तिचा कारभार पाहणारी माणसेही दोषी धरली जातात. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे ज्याचे त्याने सिद्ध करायचे. भागीदारी पेढीलाही हेच लागू. कंपनी कायद्याचे कलम 248 सांगते की निबंधकाने कंपनीचे नाव काढून टाकले तरी संचालकांची जबाबदारी कायम राहते. माणूस वारला तरी फेमाचे देणे वारसांकडे येते, मात्र मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. वारसा वाटण्याआधी मयताचे कर्ज फेडायचे, हे आपल्या घरांना नवे नाही.

आता दंड किती? फेमात रकमेच्या तिपटीपर्यंत. 10 लाखांच्या व्यवहाराला 30 लाखही होऊ शकतो. पण होऊ शकतो म्हणजे व्हायलाच हवा असे नाही. 1969 मध्ये हिंदुस्थान स्टीलच्या विक्रीकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकार आहे म्हणून दंड लावायचा नसतो. कायदा मुद्दाम मोडला की चूक किरकोळ, तांत्रिक होती, हे बघायचे. पैसा लपवून बाहेर नेणारा आणि मुदतीत फॉर्म भरायचा राहून गेलेला, दोघांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. पण हा फरक दाखवणारे कागद आपल्याकडे हवेत.

म्हणून चार गोष्टी करा. बायकोचे किंवा धाकट्या भावाचे नाव केवळ कागदापुरते संचालक म्हणून घालू नका. राजीनामा दिलात तर निबंधकाकडे त्याची नोंद झाल्याची पावती जपा. कंपनी बंद करण्याआधी निर्यातीच्या कोणत्या रकमा येणे बाकी दिसतात, ते बँकेला लेखी विचारा. चूक सापडली तर नोटिशीची वाट न पाहता जाणकाराला भेटा. फेमाच्या कलम 15 खाली रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा अर्ज करता येतो. आणि दंडाचा आदेश आलाच तर अपिलाला 45 दिवस असतात, ते घाबरून वाया घालवू नका.

आता तुमचे प्रश्न विचारा.