शिक्कामोर्तब कोणी करायचे?

कॉलेजे, पतसंस्था, रुग्णालये यांची नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

नेट चालू असते तेव्हा आपले नाव कोणी काढत नाही, आणि बंद पडले की सगळेच काढतात. अशा धंद्यातल्या माणसाला तुम्ही हार घातलात, त्याबद्दल मनापासून आभार.

आज एकच मुद्दा मांडतो. मजकूर गुप्त ठेवणे हे एक काम आणि समोरच्याची ओळख पटवणे हे दुसरे. गेली वीस-पंचवीस वर्षे आपण कुलपे बदलत आलो. दारात उभा आहे तो कोण, हे विचारायचे मात्र राहून गेले.

26 जुलै 2008 आठवा. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथले वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. पुढे 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली. घरोघर पासवर्ड आले. आपल्याला वाटले, प्रश्न मिटला.

कुलपांची कथा तुम्हाला पाठ आहे. 1997 च्या ‘वेप’ या वाय-फाय कुलपात प्रत्येक पाकिटासाठी बदलणारा आकडा अवघा 24 बिटांचा. म्हणजे सुमारे 1 कोटी 67 लाख शक्यता. गर्दीच्या नेटवर्कवर त्या काही तासांत संपतात आणि आकडे पुन्हा येऊ लागतात. 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातल्या आरसी4 च्या वापराचे दुबळेपण उघड केले. 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 आले, सोबत एईएस आले. 2017 मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ यांनी तिथेही फट दाखवली. एईएसचे गणित शाबूत होते. फोन आणि राउटर यांच्यात सुरुवातीला चार निरोपांची जी देवाणघेवाण होते, तिच्यात वापरलेलीच किल्ली पुन्हा बसवायला लावता येत होती.

आता आपल्या ग्राहकांच्या कार्यालयात डोकवा. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, सर्वांचा एकच, नोकरी सोडून गेलेल्यांनाही पाठ. डब्ल्यूपीए2 मध्ये हा पासवर्ड माहीत असलेल्याने ती सुरुवातीची देवाणघेवाण टिपली, तर तो शेजारच्या फोनची रहदारीही उलगडू शकतो. 2018 चे डब्ल्यूपीए3 नुसते ऐकून उलगडण्याची ही वाट बंद करते. पण पासवर्ड सामायिक असेल तर आत आलेला माणूस कोण, हे तेही सांगू शकत नाही. त्यासाठी 802.1एक्स लावून प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे लागते. ते काम किचकट आहे, म्हणून आपण टाळतो.

ईमेलचे दुखणे याहून जुने. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये एसएमटीपीचा मसुदा लिहिला, तेव्हा जाळ्यावरची मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती. प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिण्याची मुभा तेव्हापासूनची. आज दोन सर्व्हरांमधला रस्ता टीएलएसने झाकलेला असतो. पण चोराचे पत्रही त्याच झाकलेल्या रस्त्याने येते.

शिवकाळातल्या पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तबाखाली कोणी ओळ घुसडली तर ती लगेच उघडी पडे. ईमेलसाठी डीकिम म्हणजे हेच मोर्तब. पाठवणारा सर्व्हर खासगी किल्लीने सही करतो. पडताळणीची किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी खुली असते. त्यात ‘एल’ नावाची एक सोय आहे: मजकुराच्या ठरावीक लांबीपुरतीच सही करण्याची. ती वापरलीत की मोर्तबाखाली जागा मोकळी सोडलीत. ती वापरू नका.

आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, ती यादी एसपीएफमध्ये असते. आणि वाचणाऱ्याला दिसणारे प्रेषकाचे डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते का, जुळत नसेल तर पत्राचे काय करायचे, हे डीमार्क ठरवते. त्यात ‘नन’ लिहिले, तर तो सोसायटीचा वॉचमन झाला: वहीत नोंद करतो आणि सगळ्यांना आत सोडतो.

कबूल करतो, आमच्या कार्यालयाचे डीमार्क तीन वर्षे ‘नन’वरच होते. अहवाल रोज येत, वाचत कोणी नसे. एके दिवशी आमच्या नावाने एका ग्राहकाला बिल गेले, खातेक्रमांक बदललेला. ते आमच्या सर्व्हरवरून निघालेच नव्हते. ग्राहकाने फोन करून खात्री केली, म्हणून पैसे वाचले. ओळख पटवण्याचे आमचे काम त्याने केले.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले. पण तिथेही ‘नन’ चालते, म्हणजे उंबरठा ओलांडायला तेवढे पुरते. आपण तिथेच बसू नये. अहवाल वाचा. पगारपत्रके, पावत्या पाठवणारे आपलेच विसरलेले सर्व्हर त्यांत सापडतील. त्यांची नोंद करा आणि मगच ‘रिजेक्ट’ लिहा. घाई केलीत तर आपलीच पत्रे परत येतील.

माझी विनंती एवढीच: पुढच्या अधिवेशनात भाषणांआधी प्रत्येकाने आपल्या डोमेनची डीमार्कची ती एक ओळ पडद्यावर दाखवावी. सुरुवात माझ्यापासून होईल.